‘काबेल नदारे’ म्हणजे फुकट नव्हे!

मावशीला विचारा

प्रश्न : मावशी, आम्ही गेल्या जूनमध्ये पिंपरीहून लॉस एंजेलिसला आलो. घरापासून पाच मिनिटांवर एक छोटं इराणी दुकान आहे. पुढे किराणा, मागे चार टेबलं. परवा तिथून एक हातभर लांब रोटी घेतली. पैसे द्यायला गेले तर गल्ल्यावरचे आजोबा छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले आणि मग इंग्रजीत म्हणाले, ‘तुमच्याकडून पैसे नकोत.’ मी दोनदा थँक्यू म्हणून रोटी घेऊन घरी आले. नवरा म्हणतो, काहीतरी चुकलंय. पुढच्या महिन्यात सासूबाई आणि सासरे येतायत, दोघंही शुद्ध शाकाहारी. त्यांना तिथे जेवायला नेता येईल का? आणि आपल्या कामाचं तिथे काय मिळेल?

उत्तर : नवऱ्याचं बरोबर आहे गं बाई. उद्या सकाळी जा आणि रोटीचे पैसे दे.

आजोबा फारसीत म्हणाले असतील, ‘काबेल नदारे.’ काबेल म्हणजे काबील, लायक. तुमच्यासारख्यांपुढे या वस्तूची काय मातब्बरी, असा भाव. या साऱ्या रीतीला ते तारोफ म्हणतात. आपण नाही का, पोळी वाढणारी पुढ्यात आली की ‘नको, नको’ म्हणतो आणि हात मात्र ताटावरून काढून घेतो? तसंच. त्यांनी नको म्हणायचं, तू पैसे पुढे करायचे. त्यांनी पुन्हा नको म्हणायचं, तू ‘खाहेश मीकोनम’, म्हणजे ‘विनंती करते हो’, म्हणायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गल्ला उघडतो. दोघांचीही अब्रू राहते.

फार लाजू नकोस, माझी फजिती याहून मोठी आहे. १९९१मध्ये आमचे हे तिथल्याच यूसीएलए विद्यापीठात शिकत होते आणि आम्ही वेस्टवुड बुलेव्हार्डच्या मागच्या गल्लीत राहायचो. १९७९च्या क्रांतीनंतर तेहरान सोडून आलेल्यांनी तो रस्ता आपलासा केलेला. पुढे २०१०मध्ये तिथल्या एका चौकाला ‘पर्शियन स्क्वेअर’ असं नावच मिळालं. तिथल्या एका दुकानातल्या बाईंनी मला चहा दिला. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, सोनेरी काठाचा. मी म्हटलं, किती सुंदर! त्या म्हणाल्या, ‘पीशकेश.’ आपल्या बखरीतली पेशकशच ती, म्हणजे भेट, हे मला कळलं आणि मी हुरळून पेला पर्समध्ये घालून घरी आणला. चार दिवसांनी शेजारणीने तारोफ समजावून सांगितला तेव्हा घाम फुटला. पेला धुऊन, त्यात चकल्या उभ्या करून परत नेला. त्या बाई इतक्या हसल्या की आतून त्यांचे यजमान बाहेर आले.

आता जेवणाचं. न्यायला हरकत नाही, पण आधी एकदा तू एकटी जाऊन विचारून ये. गोश्तला ते गूश्त म्हणतात. ‘बेदूने गूश्त’ म्हटलं की बिनमांसाचं. घोर्मे सब्जी दिसायला थेट आपली पातळ भाजी, मेथीचा वासही येतो, पण आत बहुतेक मटण असतं. सासूबाईंच्या ताटात ती चुकून गेली तर पुढचे तीन महिने तुला ऐकावं लागेल. आश-रेश्ते म्हणजे डाळी, पालेभाजी आणि शेवयांचं दाट सूप. छान असतं, पण हाडांच्या पाण्यात शिजवलंय का ते विचार. मिर्झा घासेमी हे भाजलेल्या वांग्याचं लसूण घातलेलं भरीत. त्यात अंडं असतं, तेव्हा तेही बाद.

मग मागवायचं काय? मास्त-ओ-खियार, म्हणजे दह्यातली काकडी; सासूबाई म्हणतील, यात दाण्याचं कूट का नाही. सब्जी खोर्दन, म्हणजे पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, मुळा, सोबत पनीर आणि अक्रोड. हे सगळं रोटीत गुंडाळून खायचं. बागाली पोलो म्हणजे शेपू आणि बाकल्याच्या शेंगांतले (फावा बीन्स) दाणे घातलेला भात. त्याच्यासोबत मटण येतं, म्हणून नुसता भात मागायचा. आणि ताहदीग विसरू नकोस. भाताच्या पातेल्याची ती खरपूस, सोनेरी खरवड. आपल्याकडे खरवडीवर पोरांची भांडणं होतात, तिथे ती मानाने पाहुण्यापुढे ठेवतात. पातेल्यात असते थोडीच, म्हणून लवकर जा.

तू आणलेली रोटी संगक असावी. संगमरवरातला ‘संग’ तो हाच, दगड. तापलेल्या बारीक खड्यांवर भाजतात आणि कधी एखादा खडा रोटीला चिकटून घरापर्यंत येतो. सासऱ्यांची कवळी असेल तर आधी रोटी उलटी करून बघ.

खरेदीत माझा जीव पाल्यात अडकतो. शेपू, पुदिना, कोथिंबीर यांच्या जुड्या मोठ्या मिळतात. ताजी मेथी नसेल तर वाळवलेली ‘शंबलीले’ घे. लिमू अमानी म्हणजे वाळवलेलं अख्खं लिंबू, काळपट, वजनाला पिसासारखं. त्याला काट्याने दोन भोकं पाडून तूरडाळीच्या आमटीत सोड, आमसुलाची आठवण येणार नाही. उतरवताना मात्र ते काढून टाक, बिया कडू असतात. केशराच्या डबीवर ‘सरगोल’ लिहिलं असेल तर नुसती लाल टोकं, पिवळा भाग नाही. अमेरिकेने २०१८मध्ये इराणी मालावर पुन्हा निर्बंध घातले, म्हणून डबीवर देशाचं नाव वाच. अफगाणिस्तानातल्या हेरातचं असेल तर डोळे मिटून घे.

प्रश्न : मावशी, झेरेश्क, म्हणजे पुलावात घालायच्या वाळवलेल्या आंबट बेरी, आणले होते. दोन महिन्यांत काळे पडले आणि पुलावात वाळू लागल्यासारखं लागलं. फसवणूक झाली का? — एक वाचक, सॅन होजे

उत्तर : नाही. झेरेश्क फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे लाल राहतात. वापरण्याआधी दहा मिनिटं गार पाण्यात भिजव. माती खाली बसते, दाणे वरून अलगद उचलायचे. मग मंद आचेवर लोण्यात चिमूटभर साखर घालून मिनिटभरच परत. फोन आला तरी उचलू नकोस, लगेच करपतात. मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात बेरी पुलाव खाल्ला असशील, त्यातली आंबट लाल बेरी हीच.

प्रश्न : मुलीकडे लॉस एंजेलिसला आलो आहे. इराणी रेस्तराँमध्ये ब्रून मस्का आणि आपला इराणी चहा मागितला, तर वेटर माझ्याकडे बघतच राहिला. — एक आजोबा, मूळचे दादरचे

उत्तर : आजोबा, ब्रून मस्का मुंबईचा. इराणातल्या यझ्द आणि केरमानहून आलेल्या लोकांनी तो तुमच्या-माझ्यासाठी चालवला. इराणात चहा बिनदुधाचा, लालभडक, आणि साखर कपात नाही तर दातात. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा ओढायचा. त्या खड्याला ते ‘कंद’ म्हणतात, गुलकंदातला कंद तोच. तुम्हाला मधुमेह असेल तर मुलीसमोर पिऊ नका.