कार्बनचं बॉनेट तडकलंय? आधी नाणं वाजवून बघा

प्रश्न : दादा, माझ्या गाडीला कार्बन फायबरचं बॉनेट आहे, पन्हाळा रोडला फांदी पडून मधोमध वीतभर तडा गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला आमचा डेंटर म्हणतोय लांबी (पुट्टी) भरून काळा रंग मारतो, दोन दिवसात गाडी घेऊन जा. करू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नको भावा, थांबव त्याला. पत्र्याच्या कामात उद्यमनगरच्या पोरांचा हात कोण धरणार, पण पत्रा वाकतो आणि कार्बन वाकत नाही, तो तुटतो नाहीतर आतल्या आत थर सुटतात आणि वरून काही दिसतच नाही. ताकद सगळी धाग्यांत असते, रेझिन (कापडाचे थर चिकटवणारं द्रव्य) फक्त त्यांना धरून ठेवतं. तुटलेल्या धाग्यांवर लांबी भरली तर फट बुजते, जोड होत नाही, मग हायवेला बॉनेट थरथरायला लागलं की तडा परत वर येणारच.

आधी नुकसान कुठवर गेलंय ते बघ. एक नाणं घे आणि तड्यापासून बाहेर बाहेर टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेत तिथं बद्द येतो. बद्द येईल तिथवर मार्कर फिरव. वीतभर तड्याची खूण बऱ्याचदा त्याच्या दुप्पट होते, घाबरू नको. बॉनेट काढून मागची बाजूही तशीच तपास, आणि बद्द आवाज लॉकच्या किंवा बिजागरीच्या जागेपर्यंत गेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दुसरं बॉनेट घे, कारण चालत्या गाडीत ते उघडून काचेवर आलं तर जिवावर बेतेल.

तसं नसेल तर सुटलेलं सगळं घासून काढायचं आणि कडा उतरती करायची. दर थराला साधारण १२ मिलिमीटर उतार धर, म्हणजे तीन थर असतील तर चारी बाजूंनी साडेतीन-चार सेंटिमीटर. हे घासकाम शक्यतो मागून करायचं म्हणजे पुढची वीण वाचते. मग ॲसिटोननं पुसून, पूर्ण वाळू देऊन, प्रत्येक थराला त्याच्या मापाचा कार्बनच्या कापडाचा तुकडा, आणि वीण जुन्या थराच्या दिशेतच बसली पाहिजे, तिरकी बसली तर दिसायलाही वाईट आणि ताकदीलाही कमी.

रेझिन इपॉक्सीच. पॉलिस्टर जुन्या इपॉक्सीला नीट धरत नाही. आणि इथं आपल्या कारागिरांची एक सवय आड येते, लांबीत हार्डनर थोडा जास्त टाकला की लवकर सुकते हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे, पण इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा खेळाडू आहे, प्रमाण चुकलं तर जोड कायमचा चिकट आणि कच्चा राहतो. डब्यावर लिहिलंय तेवढंच, वजनकाट्यावर मोजून. एकदम मोठा डबाही कालवू नका, तो तापून हातातच घट्ट होतो. व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून थर दाबणारी पिशवी) असेल तर उत्तम, नसेल तर निदान रोलर फिरवून हवा आणि जादा रेझिन बाहेर काढा.

शेवटी यूव्हीवाला टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा, ऊन अडवणारा पारदर्शक थर) मारायचाच, उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते. पेंटरला आधीच सांग, बूथ जास्त तापवू नको, साध्या हवेत सुकलेली इपॉक्सी जास्त उष्णतेत मऊ पडते आणि विणीचे ठसे वर येतात.

प्रश्न : पावसाळ्यात हे काम करावं का? आमच्या शेडमध्ये रेझिन सुकतं पण वर मेणचट थर येतो.
– वर्कशॉप चालवणारे, शिरोली

उत्तर : जुलैमधली आपली हवा म्हणजे ओला टॉवेलच. हवेतल्या ओलाव्यामुळं इपॉक्सीवर तो मेणचट थर चढतो, त्याच्यावर क्लिअर मारला तर सोलून निघतो. पॉलिश पेपर लावायच्या आधी कोमट पाणी आणि स्कॉचब्राइटनं धुवून काढा, नंतर घासा, आधीच घासलं तर तो थर आत चोळला जातो. बंद खोलीत हॅलोजन लावून थोडी ऊब दिली तर काम होतं.

पण मालक, मला जास्त काळजी तुमच्या पोरांची वाटते. घासताना उडणारी काळी धूळ म्हणजे बारीक धागे, अंगाला खाजतात आणि फुप्फुसाला त्रास देतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ द्या, हातमोजे द्या, जमेल तिथं ओलं घासा. आणि ती धूळ वीज वाहते, उघड्या बोर्डाजवळ किंवा वेल्डिंग मशीनपाशी हे काम नकोच.

प्रश्न : मिररचं कव्हर खरं कार्बन आहे का ते कसं ओळखायचं?
– एक ताई, रंकाळा परिसर

उत्तर : ताई, कव्हर काढून मागं बघा. मागंही काळी वीण दिसली तर खरं, पांढरट वीण असेल तर काचेचा फायबर आणि वर कार्बनचा एकच थर, सपाट प्लास्टिक असेल तर नुसतं स्टिकर. दुसऱ्या प्रकारातही वाईट काही नाही, फक्त पैसे कार्बनचे देऊ नका.

प्रश्न : कार्बनच्या विंगला ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट लावला, आता तिथं पांढरी पूड जमते.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आर. के. नगर

उत्तर : कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतो, ती पूड त्याचीच आहे. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर इपॉक्सीत बसव आणि बोल्ट स्टेनलेसचे वापर. जुना ब्रॅकेट नुसता पुसून परत लावू नको, भोकाच्या कडा बघ, खाल्लेल्या दिसल्या तर नवीन कर.