बंदीच्या महिन्यांत लस परवडेल का?

हर्णैच्या एका ताईंनी विचारलंय: यजमान बोटीवर खलाशी, १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदीमुळे बोटी किनाऱ्याला. बचत गटातून १०,००० रुपये हातात आलेत. थोरली चौदा वर्षांची, ऑक्टोबरमध्ये पंधरा पूर्ण होतील, धाकटी दहाची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दोघींना द्यायची तर डॉक्टरांनी एका डोसचे २,००० सांगितले, म्हणजे चार डोसांचे ८,०००. यजमान म्हणतात, सगळे पैसे धाकटीच्या सुकन्या खात्यात टाकू.

ताई, ८,००० एकदम काढायचे नाहीतच. पण थोरलीचा पहिला डोस याच महिन्यात द्या. पंधरा पूर्ण होण्याआधी सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. नंतर सुरुवात केली तर तीन लागतात. थांबलात तर २,००० जास्त जातील. दुसरा डोस डिसेंबरात येईल, तेव्हा बोटी समुद्रात असतील आणि घरात पगार येत असेल. म्हणजे आत्ता खर्च फक्त २,०००.

पैसे देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. सरकारी लसीकरणात तिचं वय बसत असेल तर तेही वाचतील.

धाकटीला अजून वेळ आहे. तिचा पहिला डोस पुढच्या शिमग्याच्या सुमारास ठेवा आणि त्यासाठी नारळी पौर्णिमेनंतर दर महिन्याला ३०० रुपये बाजूला काढा. सुकन्या खातं वर्षाला २५० भरले तरी चालू राहतं. यंदा तेवढेच भरा. उरलेले साडेसात हजारांच्या वर पैसे बंदी उठेपर्यंत घरखर्चाला आणि गणपतीला लागतील. त्यासाठी व्याजाने पैसे काढू नका, एवढं कळकळीने सांगते.

यजमानांचा मुद्दा चुकीचा नाही, मुलीसाठी साठवायलाच हवं. पण हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि त्यातल्या १६ व १८ या दोन प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के. त्यांच्यावर लस आहे. उपचार सरकारी योजनेत बसले तरी कोल्हापूर-मुंबईच्या खेपा, तिथलं राहणं, बुडालेली मजुरी हे घरातूनच जातं. खलाशाचं घर त्यात बरंच मागे पडतं.

लस घेतली तरी मुलींना तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागेल. आणि तुम्ही? तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. तीस ओलांडली असेल तर लसीची चौकशी करायला जाल त्याच दिवशी तुमच्या तपासणीचंही विचारा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.