गाठ आत जातेय ना, मग आत्ताच दाखवा : हर्नियाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात हर्निया म्हणजे अंतर्गळ याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, ढीगभर आले. बरेच सारखेच होते म्हणून त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : वय 46, मार्केट यार्डात हमाली करतो. उजव्या जांघेत गाठ येते, झोपलं की आत जाते. दुखत नाही. मेडिकलमधून पट्टा आणलाय. वजन उचलून झालं का? ऑपरेशन केलंच पाहिजे का?

दादा, नुसत्या वजनाने नाही. बाळ आईच्या पोटात असताना मुलाचे वृषण पोटातून खाली उतरतात, ती वाट जांघेतून जाते आणि ती जागा पुरुषांत जन्मभर जरा कच्चीच राहते, म्हणून तर पुरुषांत साधारण चारातल्या एकाला आयुष्यात कधीतरी जांघेचा हर्निया होतो. काहींच्या घराण्यातच स्नायूंचं अस्तर नाजूक असतं. त्यात रोज पोती उचलणं, बिडीचा खोकला, संडासला कुंथणं, वय झालं की प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करणं, हे सगळं आतून दाब देत राहतं. सायकलचा टायर फाटला की ट्यूब फुगून बाहेर येते ना, तसंच पोटातलं आतडं त्या कच्च्या जागेतून बाहेर येतं, तीच गाठ. आता त्या टायरवर वरून फडकं बांधलं तर भोक बुजेल का? पट्टा म्हणजे ते फडकं. दाबून धरतो, बुजवत काहीच नाही. आणि गाठ बाहेर असताना वरून आवळला तर उलट आतडं चिमटतं.

ऑपरेशनची घाई आहे का, तर खरं सांगतो, उद्याच्या उद्या करा असं नाही. अमेरिकेत 720 पुरुषांवर एक अभ्यास झाला होता, 2006 मध्ये छापून आला. त्रास नसलेल्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं तर गाठीत आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षा कमी निघालं. पण त्याच थांबलेल्या लोकांतल्या 68 टक्क्यांनी पुढच्या दहा वर्षांत शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. तुमचं काम अंगमेहनतीचं, गाठ मोठी होत जाणारच, मग सवडीने, साखर बीपी तपासून, बिडी महिनाभर आधी बंद करून केलेलं कधीही चांगलं. नंतर दीड महिना पोतं उचलायचं नाही, तेवढी घरची सोय आधी लावा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे मदतीला बसलेल्या माणसाला, विचारा.

प्रश्न : बाळ 5 महिन्यांचं आहे, रडलं की बेंबी टम्म फुगते. सासूबाईंनी नाणं ठेवून पट्टी बांधलीय. काय करू?

ताई, पट्टी आजच सोडा, पण सासूबाईंशी भांडू नका, त्यांनी मायेनेच केलंय. बेंबीमागचं भोक बहुतेक बाळांत आपोआप बुजतं, चार-पाच वर्षांपर्यंत वाट बघायची असते. नाण्याने ते लवकर बुजत नाही, खाली घाम साचून कातडी लाल होते, कधी चिघळते. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, लहान मुलाच्या *जांघेत* फुगा आला तर तो आपोआप जात नाही, तिथे थांबायचं नाही, लगेच सर्जनला दाखवायचं.

प्रश्न : जाळी टाकतात म्हणे, ती आत कुजते का, कॅन्सर होतो का? दुर्बिणीने करू की साधं? (पुणे, वय 34)

कुजत नाही. पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लॅस्टिकची जाळी असते, त्याच जातीच्या धाग्याने आम्ही वर्षानुवर्षं टाके घालतोय, आणि तिने माणसात कॅन्सर होतो असा पुरावा नाही. जाळीच्या आधी स्नायू ओढून शिवायचे, इटलीच्या बॅसिनींनी 1880 च्या दशकात ती पद्धत बसवली, पण ओढून शिवलेलं पुन्हा सुटायचं. जाळीने ताण न देता झाकता आलं आणि परत होण्याचं प्रमाण बरंच घटलं. तोटाही सांगतो, साधारण दहातल्या एकाला जांघेत दुखणं किंवा टोचणं बरेच महिने राहतं आणि क्वचित जाळीला इन्फेक्शन होतं. बिनजाळीच्या पद्धती आहेतच, त्यातली एक तर तुमच्या पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डांची, रुग्णाच्याच स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी वापरून करायची. दोन्ही बाजूंना असेल किंवा परत झालेला असेल तर दुर्बीण सोयीची, पण तिला सहसा पूर्ण भूल लागते. माझं मत विचाराल तर मशीनपेक्षा हात बघा, तुमचा सर्जन महिन्याला यातलं कोणतं किती वेळा करतो ते सरळ विचारा, राग येत नाही कोणाला.

प्रश्न : जिम बंद करू का? लंगोट घातला तर होत नाही ना?

जिम चालू ठेवा, फक्त श्वास कोंडून वजन मारू नका. लंगोटाने हर्निया टळत नाही. पोट सुटू देऊ नका, बद्धकोष्ठता आणि जुना खोकला अंगावर काढू नका.

प्रश्न : आई 68 वर्षांची. जांघेच्या खाली लिंबाएवढी गाठ, कालपासून कडक झालीय, दोनदा उलटी झाली. अॅसिडिटी असेल का?

या ताईंना मी त्याच रात्री फोन केला, आई आता बऱ्या आहेत, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून घेतोय. बायकांत जांघेच्या खालच्या बाजूचा हर्निया छोटा दिसतो पण तोंड अरुंद असतं, त्यामुळे तो अडकतो फार. लाजेने कोणी दाखवत नाही. अशा अडकलेल्या हर्नियाची पिशवी ऑपरेशनमध्ये उघडली की आतडं जांभळं-काळं दिसतं, आम्ही फास सोडवून गरम सलाईनचं ओलं कापड त्यावर गुंडाळतो आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसतो, गुलाबी होतंय का. झालं तर आत ठेवायचं, नाही झालं तर तेवढा तुकडा कापावा लागतो. काही तासांच्या फरकाने हे ठरतं. म्हणून आत जाणारी गाठ जाईना झाली, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या किंवा गॅस बंद, तर चोळायचं नाही, जोर लावून आत ढकलायचं नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही, आणि जिथे रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ असतात त्याच हॉस्पिटलला थेट गाडी काढायची.