सेस्ना १७२ साठी हँगर: गोडाऊनचं शेड चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यात काळ्या मातीच्या जागेवर एका सेस्ना १७२ या चार आसनी छोट्या विमानासाठी ४५ बाय ४० फुटांचा हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड, उभारायचीय. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरने गोडाऊनच्या दराने कोटेशन दिलंय. ते चालेल का, आणि आत काय काय घ्यावं?

फॅब्रिकेटर तोच चालेल, डिझाइन मात्र गोडाऊनचं चालणार नाही. गोडाऊनला चार भिंती असतात आणि त्यातल्या एकीत दार असतं. हँगरला तीनच भिंती असतात, चौथी भिंत म्हणजेच दार. वारा, पाया, दाराचे रूळ, सगळ्याचा हिशेब इथून बदलतो.

आधी माप. या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट १ इंच, लांबी २७ फूट २ इंच, उंची ८ फूट ११ इंच. त्यामुळे ४५ बाय ४० पुरतं. पण ही सगळी मापं शेडची आहेत. तुम्हाला लागतं ते दार पूर्ण उघडल्यावर मिळणारं मोकळं अंतर. ते ४२ फूट धरा, म्हणजे दोन्ही पंखांना बाहेर जेमतेम ३-३ फूट राहतात. दाराची मोकळी उंची १२ फूट हवी. नाकाच्या चाकाचा स्ट्रट (झटके शोषणारा दांडा) बसला की नाक खाली जातं आणि शेपूट वर येतं, म्हणून ८ फूट ११ इंचांवर विसंबून १० फुटांचं दार करू नका.

आता वारा. आपल्याकडे मे महिन्यातली वावटळ आणि वळवाचं वादळ सांगून येत नाही. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. बंद गोडाऊनला आतल्या दाबाचा गुणांक साधारण ०.२ किंवा ०.५ धरतात. ज्या इमारतीच्या भिंतीत २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग उघडा राहू शकतो, तिला तो ०.७ धरावा लागतो. हँगर याच गटात मोडतो. दार उघडं असताना वारा आत शिरतो आणि छताला खालून वर ढकलतो. त्याच वेळी छतावरून जाणारा वारा त्याला वरून ओढतो. १,८०० चौरस फुटांच्या छतावर दोन्ही मिळून ढोबळ हिशेबाने १५-२० टनांची उचल बसते, आणि छताचं स्वतःचं वजन असतं फार तर ३ टन. उरलेला जोर खांब पायाला धरणाऱ्या अँकर बोल्टनी आणि फुटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या पायाच्या, वजनाने धरायचा असतो. म्हणून फॅब्रिकेटरला तोंडी सांगू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबाच्या कागदावर ‘आतला दाब ±०.७’ असं लिहिलेलं स्वतः बघा आणि मगच अ‍ॅडव्हान्स द्या.

पुढची फ्रेमही नीट बघा. गोडाऊनच्या टोकाच्या भिंतीत मधे खांब देऊन स्टील वाचवतात. तुमच्या पुढच्या बाजूला मधे खांब येऊच शकत नाही, त्यामुळे ती फ्रेम आतल्या फ्रेमइतकीच, किंबहुना दाराचा वारा तिच्यावर येतो म्हणून जास्त मजबूत लागते. पुढे क्रॉस ब्रेसिंग, म्हणजे फुलीसारखे तिरपे आधारही देता येत नाहीत. ती कसर छतातल्या आणि मागच्या भिंतीतल्या ब्रेसिंगने भरून काढायची. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप याच भागातला, त्यामुळे ‘ब्रेसिंग नंतर टाकू’ हे ऐकून घेऊ नका. पत्रा ०.५ मिलिमीटरच्या खाली नको. कडेच्या आणि कण्याजवळच्या पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर) पत्र्याच्या प्रत्येक घडीला स्क्रू हवा, कारण पत्रा उडायला सुरुवात नेहमी कडेपासून होते.

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष मात्र जमिनीखाली घाला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. तिच्यावर सरळ पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट) ओतून फरशी केली तर दोन पावसाळ्यांत मधला भाग उचलला जातो आणि कडा खचतात. गोडाऊनमध्ये पोती असतात, तिथे ते खपून जातं. हँगरमध्ये पहिला फटका दाराच्या रुळाला बसतो: रूळ अर्धा इंच वर आला की १२ फूट उंचीचं दार वरच्या गाईडमध्ये अडकतं आणि चार माणसांनी ढकलूनही हलत नाही.

म्हणून काळी माती किमान ३ फूट काढा. मुरूम फार खोल नसेल तर तो लागेपर्यंत काढा. त्या जागी चांगला कडक मुरूम ६-८ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून आणि रोलर फिरवून भरा. १,८०० चौरस फुटांना ३ फूट म्हणजे ५४ ब्रास दबलेला मुरूम. दाबल्यावर तो बसतो, तेव्हा ६५ ते ७० ब्रास मागवा. एकदम ३ फूट टाकून वरून रोलर फिरवणं म्हणजे फक्त वरचा थर दाबणं. कॉलम आणि दाराच्या रुळाखालची बीम कडक मुरमावर किंवा खडकावर टेकवा. तो खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब घ्या. काळ्या मातीत ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथपर्यंत ऋतूंच्या ओल-सुकीचा परिणाम फारसा पोचत नाही. रुळाची बीम फरशीपासून वेगळी ठेवा, मधे फिलर बोर्डचा सांधा द्या. मग फरशी थोडी हलली तरी दार हलणार नाही.

फरशी ६ इंच, एम-२५ काँक्रीट, ८ मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांना ८ इंचांवर, खाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. काँक्रीट ९ ब्रास लागेल, म्हणजे सुमारे साडेपंचवीस घनमीटर. विमानाचं कमाल उड्डाणवजन ११५७ किलोच आहे, त्याला ४ इंचही पुरले असते. बाकीची जाडी काळ्या मातीसाठी. वरून ट्रिमिक्स (यंत्राने जादा पाणी शोषून पृष्ठभाग घोटणं) करून घ्या. १२-१४ फुटांवर दीड इंच खोल सांधे कापा, आणि तेही त्याच दिवशी. उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर काँक्रीट स्वतःच भेग पाडून मोकळं होतं. जमल्यास हे काम डिसेंबर-जानेवारीत घ्या. मेमध्ये टँकरच्या पाण्यावर दहा-बारा दिवस क्युरिंग करणं महागही पडतं आणि होतही नाही. दाराकडे १०० फुटाला १ फूट उतार ठेवा, जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट वर घ्या आणि शेडच्या तिन्ही बाजूंनी ४ फुटांची फरसबंदी करा, म्हणजे छताचं पाणी पायालगत मुरणार नाही. पायाशी मुरणारं पाणी हेच काळ्या मातीतल्या बहुतेक भेगांचं मूळ आहे.

फरशीचा रंग फिका ठेवा. हा सल्ला दिसण्यासाठी नाही. विमान ढकलून बाहेर काढल्यावर जमिनीकडे बघायची सवय लागते. निळसर डाग दिसला तर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) गळतंय, लाल दिसला तर ब्रेकचं किंवा स्ट्रटचं तेल, तपकिरी किंवा काळा दिसला तर इंजिनचं. गडद फरशीवर यातलं काहीच कळत नाही.

दारासाठी माझी शिफारस खाली चाकं असलेल्या सरकत्या दाराची आहे. वर घडी होणारं दार छान दिसतं, पण त्याचं सगळं वजन पुढच्या फ्रेमवर येतं आणि वीज गेली की हाताने फिरवत बसावं लागतं. प्रत्येकी ११ फुटांची चार पल्ली घ्या, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, दोन समांतर रुळांवर. रूळ भिंतीच्या बाहेर दोन्हीकडे ११-११ फूट काढा, म्हणजे पल्ली पूर्ण बाहेर उभी राहतात आणि ४२ फूट मोकळे मिळतात. रूळ आतच संपवले तर दार उघडूनही निम्मीच रुंदी हाती येते. ही चूक फार होते, कारण ड्रॉइंगवर ती दिसत नाही. खाचेतला रूळ टाळा. पहिल्या पावसात त्यात चिखल बसतो आणि सुकल्यावर तो विटेसारखा होतो. जमिनीच्या वर असलेला २० मिलिमीटर चौरस बार आणि खाच असलेली चाकं घ्या. चाक बारवरून जाताना माती बाजूला पडते. विमान ओलांडताना त्यावर चेकर्ड प्लेटचे सुटे उतार ठेवा, नाहीतर नाकाचं चाक बारला अडतं आणि सगळा जोर टो-बारवर (विमान ओढायच्या दांड्यावर) येतो. वरच्या गाईडमध्ये दीड-दोन इंचांचा खेळ ठेवा, कारण वाऱ्यात पुढची फ्रेम वर-खाली होते. दाराला बंद आणि उघड्या, दोन्ही स्थितींत जमिनीत जाणारी कडी हवी. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, पश्चिमेच्या पावसाला पाठ मिळते.

छताखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलेली ५० मिलिमीटरची ग्लासवूल आणि कण्यावर चार टर्बो व्हेंटिलेटर घ्या. नुसत्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये रेडिओ, बॅटरी आणि काचेचं अ‍ॅक्रिलिक तिन्ही भाजतात. व्हेंटिलेटरच्या गळ्याला आणि पत्र्याच्या कडेच्या फटींना १२ मिलिमीटरची जाळी लावा. चिमणी एका दिवसात काऊलमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) काड्या भरते, आणि त्या गरम सिलिंडरवर पेटतात. कुंभारीण माशी वेग मोजणाऱ्या पिटो नळीत मातीचं घर करते आणि वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकजवळ १८९ माणसांसह पडलेल्या बर्जनएअरच्या विमानाची पिटो नळी अशाच माशीने बुजवली असावी, असा तपासाचा संशय होता. तेव्हा इंजिन थंड झालं की पिटोवर टोपी आणि काऊलला बोळे, दोन्हींना लांब लाल फीत. सोयाबीन, हरभरा निघाला की शेतातले उंदीर शेडकडे वळतात. ते वायर कुरतडतात आणि त्यांच्या मुतामुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं. खालची ३ फूट भिंत विटांची किंवा काँक्रीटची करा आणि दाराखाली रबराची पट्टी लावा.

विजेचं थोडक्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि फरशीलगत पसरते, म्हणून कोणताही सॉकेट फरशीपासून ४५० मिलिमीटरच्या खाली नको. विमानाच्या बाँडिंगसाठी, म्हणजे त्याच्यावरची स्थिर वीज जमिनीत सोडण्यासाठी, फरशीत वेगळा अर्थ पॉइंट काढा आणि इंधनाचं झाकण उघडण्याआधी क्लिप रंग नसलेल्या धातूला लावा. अर्थिंगचं माप मेमध्ये घ्या. जुलैत ओल्या काळ्या मातीत ते नेहमीच चांगलं येतं. वीजरोधक लावायलाच हवा, आपल्याकडे वळवात विजा फार पडतात.

आग विझवण्यासाठी दुकानदार एबीसी पावडरचा सिलिंडर देईल. हँगरमध्ये तो नको. ती पावडर ओल धरली की अ‍ॅल्युमिनियम आणि वायरिंग खाते, आग विझते पण विमान जातं. साडेचार किलोचे दोन कार्बन डायऑक्साइड आणि ५० लिटरचा फोम ट्रॉलीवर ठेवा, दाराजवळ, आतल्या कोपऱ्यात नको.

अ‍ॅव्हगॅसचा ड्रम आत ठेवायचा विचार सोडा. अ वर्गातलं पेट्रोलियम परवान्याशिवाय ३० लिटरच ठेवता येतं, त्यापुढे परवाना लागतो. पुढेमागे रोटॅक्स ९१२ इंजिनाचं विमान घेतलंत तर पंपावरचं पेट्रोल चालेल असं धरून चालू नका. ते इंजिन १० टक्के इथेनॉलपर्यंतचंच आहे आणि पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. जागा विमानतळाजवळ असेल तर उंचीची एनओसी विमानतळ प्राधिकरणाच्या नोकास पोर्टलवरून, बांधकाम सुरू करण्याआधी घ्या. हँगर स्वतःचा असला तरी विमानाच्या दुरुस्तीवर सही परवानाधारक इंजिनिअरचीच लागते.

धुण्यासाठी बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे ठिपके रंगावर आणि काचेवर राहतात. छताचं पाणी साठवा: या मापाच्या छतावर एका मिलिमीटर पावसाचे १६५ लिटर पाणी पडतं, ५,००० लिटरची टाकी ३० मिलिमीटरच्या एका पावसात भरते. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्या. काचेवरची धूळ कोरड्या फडक्याने कधी पुसू नका. आधी भरपूर पाणी, मग बोटांनी हळूच धूळ सोडवायची, मग मऊ सुती कापड. अ‍ॅक्रिलिकला पेट्रोल किंवा थिनर लागला तर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या निघत नाहीत.

कॉम्प्रेसर २ एचपीचा, पाणी गाळणाऱ्या ट्रॅपसह, पुरेसा आहे. इंजिन उचलायला छताच्या पर्लिनला चेनब्लॉक टांगू नका, चाकांची गँट्री (वजन उचलायची सुटी चौकट) घ्या.

राहिल्या विमान बांधायच्या कड्या, दोन पंखांखाली आणि एक शेपटाखाली. त्या फरशी ओतायच्या आधीच बसवायच्या असतात. त्यासाठी मुरूम दाबून झाल्यावर त्यावर चुन्याने विमानाची पूर्ण आकृती आखा: पंख, चाकं, शेपूट, मागचं वर्कबेंच, सगळं खऱ्या मापात. मग शेपटामागून एकदा चालून बघा. माणूस अवघडून जात असेल तर कड्या आणि विमान एक फूट पुढे घ्या, अजून सळई बांधलेली नाही.