नाव छापण्याआधी: वाचकांचे प्रश्न

हयात व्यक्तींवरच्या फौजदारी प्रकरणांबद्दल लिहिताना कोणता आधार धरावा, यावर गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या तालुका साप्ताहिकासाठी एका आर्थिक फसवणुकीच्या प्रकरणावर लिहितो आहे. तीन दैनिकांत संशयिताला ‘अटक’ झाल्याचे आले आहे, चौथ्यात ‘चौकशीसाठी बोलावले’ असे आहे. तिघांचे म्हणणे धरून ‘अटक’ लिहू का? — एक वाचक, डिचोली

इथे संख्या मोजून चालत नाही. आधी त्या तिन्ही बातम्या शेजारीशेजारी ठेवून वाचा. वाक्यांचा क्रम, रकमेचा आकडा, एखादी चूकसुद्धा तंतोतंत सारखी असेल तर तिन्हींचा उगम एकच आहे: पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक किंवा वृत्तसंस्थेची बातमी. म्हणजे तुमच्या हाती आधार तीन नाहीत, एकच आहे. चौथ्या बातमीदाराने पोलिस स्थानकात जाऊन स्वतः विचारले असेल, तर त्याच्या एका ओळीला या तिघांपेक्षा जास्त वजन द्यावे.

घोटाळा होतो तो बहुतेक नोटिशीमुळे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिस अनेकदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४१अ ची नोटीस म्हणून ओळखली जायची, आता त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. माणूस स्थानकात जातो, चार तास बसतो, घरी परततो. बाहेर उभ्या असलेल्यांना ती अटकच वाटते.

खरी अटक झाली असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे लागते. त्यामुळे पोलिस कोठडी, न्यायालयीन कोठडी किंवा जामीन यांपैकी कशाचा तरी आदेश निघतो. तो शोधा. मात्र जामीनपात्र गुन्ह्यात स्थानकातूनच जामिनावर सुटका होऊ शकते. तेव्हा आदेश सापडला नाही म्हणून अटक झालीच नाही, असाही निष्कर्ष काढू नका.

कागद मिळवण्याची वाट अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची असते, अडचण असल्यास ७२ तासांपर्यंत. लैंगिक गुन्हे, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. एफआयआरवरून क्रमांक, वर्ष आणि पोलिस स्थानक टिपून घ्या. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर या तिन्हींवरून खटला शोधता येतो. तिथे मिळणारा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा ओळखक्रमांक, तुमच्या वहीत कायमचा लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक तारीख त्यावरून कळते. एफआयआरमध्ये जे लिहिलेले असते ती तक्रारदाराची बाजू असते, हेही ध्यानात असू द्या. तिच्यावरून ‘फसवणूक केली’ असे लिहिता येत नाही. ‘फसवणूक केल्याची तक्रार अमुक तारखेला नोंद झाली’ एवढेच लिहिता येते.

आपल्याकडे गोव्यात आणखी एक धोका आहे. पोलिसांची पत्रके बहुधा इंग्रजीत असतात आणि आडनावे रोमन लिपीत येतात, त्यातली काही जुन्या पोर्तुगीज वळणाची. एकाच स्पेलिंगचा माणूस एका दैनिकात ‘गवस’ आणि दुसऱ्यात ‘गावस’ होतो. ‘पोरोब’ की ‘परब’, हा गोंधळ तर नेहमीचाच. नाईक, गावकर, फर्नांडिस अशी आडनावे एका गावात वीस-वीस घरांना असतात. नाव छापायचेच असेल तर न्यायालयाच्या कागदावरून पूर्ण नाव आणि वय पडताळा, देवनागरी रूप त्या माणसाच्या वकिलाकडून किंवा गावातून खात्री करून घ्या. पडताळणी होत नसेल तर त्या अंकात नाव छापू नका. चुकीच्या नाईकांच्या दारात लोक जमले, तर पुढच्या अंकातल्या दुरुस्तीने ते भरून येत नाही.

प्रश्न : ‘संशयिताने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली’ असे अधिकाऱ्याने नावानिशी सांगितले. मग ते छापायला हरकत काय? — मडगाव

हरकत आहे. पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होता आणि आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा त्या वस्तूशी जोडलेला तेवढाच भाग सिद्ध करता येतो. म्हणून ‘अमुक ठिकाणाहून वस्तू जप्त केल्याचे पोलिसांनी सांगितले’ हे लिहिण्याजोगे आहे, ‘कबुली’ नाही. मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवलेल्या जबाबाची गोष्ट वेगळी. तो मॅजिस्ट्रेटसमोरचा आहे हे बातमीत स्पष्ट आले पाहिजे.

प्रश्न : गावच्या वाचनालयाचा स्मृतिग्रंथ निघतो आहे. दहा वर्षांपूर्वी एका माजी पदाधिकाऱ्यावर अपहाराचा खटला झाला, न्यायालयाने निर्दोष सोडले. घरचे म्हणतात, उल्लेखच नको. संपादक मंडळातले एक सदस्य म्हणतात, आरोपपत्र सरकारी कागद आहे, त्यातले जसेच्या तसे छापा. — फोंडा

आरोपपत्राबाबत त्या सदस्यांचे म्हणणे चुकीचे आहे. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ते तपास यंत्रणेचे म्हणणे असते आणि तुमच्या प्रकरणात तर न्यायालयाने ते ऐकून, तपासून नाकारले आहे. नाकारलेले म्हणणे जसेच्या तसे छापून निकाल एका ओळीत उरकला, तर वाचकाच्या मनात आरोपच राहतो.

निकालाची प्रत काढा. तुम्ही खटल्यात पक्षकार नसल्यामुळे प्रत का हवी ते अर्जात लिहावे लागते. हे काम न्यायालयाच्या नियमांनुसार होते, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करत बसू नका. प्रत आली की चार गोष्टी पाहा: पुरावाच नव्हता, की संशयाचा फायदा दिला, की आरोप निश्चित होण्याआधीच आरोपमुक्त केले, की उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांनाही ‘सुटला’ म्हणणे अन्याय आहे. मुदतीत आरोपपत्र न आल्याने, म्हणजे प्रकरणाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांनंतर मिळालेला जामीन हाही वेगळाच. त्याचा निर्दोषत्वाशी किंवा दोषाशी काही संबंध नसतो.

मग अपील झाले का ते बघा. गोव्यातले उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे: २००८ साली हणजुण किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरीचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला दोषी ठरवले आणि दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. ज्याने २०१६ च्या निकालावर थांबून लिहिले त्याचा मजकूर एकाबाबत चुकला. ज्याने २०१९ नंतर दोघांनाही एकत्र ‘दोषी’ म्हटले त्याचा दुसऱ्याबाबत.

आता उल्लेख करावा की नाही. कारभाराच्या इतिहासात त्या खटल्याने वाचनालयाची घडी बदलली असेल, समिती बरखास्त झाली असेल, तर उल्लेख टाळणे बरोबर नाही. तसे नसेल तर आमचे मत घरच्यांच्या बाजूने आहे. लिहायचे ठरले तर आरोप आणि निकाल एकाच वाक्यात ठेवा, तारखांसकट, आणि छपाईआधी त्या गृहस्थांना मजकूर दाखवून त्यांचे म्हणणे घ्या. ‘कथित’ हा शब्द जागोजागी पेरून संरक्षण मिळते, हा समज सोडा. दुसऱ्याचा बदनामीकारक आरोप पुन्हा छापणे हेही बदनामीत मोडू शकते. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५६ मधला अपवाद न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्याखुऱ्या वृत्तांताला आहे; ऐकीव गोष्टींना नाही.

प्रश्न : मुक्त ज्ञानकोशातल्या एका नोंदीवरून आमचा वाद चालू आहे. सहलेखक म्हणतात, जामिनाचा आदेश हाच सर्वांत अस्सल आधार. मी म्हणते, वृत्तपत्रे हवीत. — पेडणे

तुमची बाजू बरोबर, पण पूर्ण नाही. विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीचा हयात व्यक्तींबद्दलचा नियम असा की खटल्याची कागदपत्रे आणि न्यायालयीन नोंदी यांचा व्यक्तीबद्दलच्या विधानाला थेट आधार घेऊ नये. कारण सरळ आहे: जामिनाच्या आदेशात ‘प्रथमदर्शनी’ म्हणून लिहिलेले असते, सरकारी वकिलाचे म्हणणे पानभर उद्धृत असते आणि नवखा लेखक ते न्यायालयाचे मत समजून उचलतो. कोणते वाक्य कोणाचे, हे अनुभवी बातमीदार वेगळे करून देतो. ती व्यक्ती सार्वजनिक जीवनातली नसेल, तर दोषसिद्धी होईपर्यंत गुन्ह्याचा उल्लेख घालावा का याचाच गंभीरपणे विचार करा, असेही तो नियम सांगतो. सहलेखकांच्या आदेशाचा उपयोग मात्र आहे: वृत्तपत्रातली तारीख, कलम, न्यायालयाचे नाव त्यावरून ताडून बघा. १ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंडसंहिताच लागते. खटला आज चालू असला तरी बातमीत न्याय संहितेचे कलम दिसले, तर ती बातमी घाईत लिहिली आहे असे समजा. वाद मिटेपर्यंत वादग्रस्त ओळ नोंदीबाहेर ठेवावी, आत नव्हे.

प्रश्न : लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या पीडितेचे नाव दुसऱ्या पत्राने आधीच छापले आहे. आता लपवून काय उपयोग? — वास्को

छापू नका. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दुसऱ्याने आधी छापले हा बचाव होत नाही. बालकांबाबत पॉक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आहे; यातले दुसरे विधिसंघर्षग्रस्त बालकालाही लागू होते, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचेही नाव देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितल्याप्रमाणे ज्या तपशिलावरून ओळख पटेल तोही वर्ज्य आहे, पीडिता हयात नसली तरी. २०२१ मध्ये म्हापशाच्या सत्र न्यायालयाच्या एका गाजलेल्या निकालपत्रातले असे उल्लेख काढूनच ते संकेतस्थळावर टाका, असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. तेव्हा निकालपत्रातून उतरवताना सुद्धा वाडा, शाळा, नोकरीचे ठिकाण, आरोपीशी असलेले नाते गाळा. आरोपी घरातलाच असेल तर आरोपीचेही नाव गाळावे लागते, कारण छोट्या गावात त्याच्या नावावरून मुलगी कोण हे संध्याकाळपर्यंत कळते.