३७ वर्षांचा पॉइंट गार्ड : ठेवायचा की जाऊ द्यायचा?

प्रश्न : मी ज्या एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) टीमला फॉलो करतो तिचा पॉइंट गार्ड (बॉल वर आणून टीमचा खेळ चालवणारा) आता ३७ चा झालाय. आठ वर्षं आमच्याकडे आहे, कॉन्ट्रॅक्ट या उन्हाळ्यात संपतंय. बॉल त्याच्या हातात असला की अजूनही जिवाला बरं वाटतं, पण डिफेन्सला समोरचे शोधून शोधून त्याच्यावरच जातात. मागे २१ वर्षांचा पोरगा तयार होतोय. ग्रुपमध्ये रोज यावरून भांडणं होतात. मन म्हणतं ठेवा, डोकं म्हणतं बास आता. तुम्ही काय कराल?

उत्तर : मी ठेवेन. पण एका वर्षासाठी, बेंचवरून खेळायला, आणि हे सगळं सही व्हायच्या आधी त्याला समोर बसवून सांगून. यातली एखादीही गोष्ट जमत नसेल तर मानाने निरोप द्यावा, उगाच अर्धवट काहीतरी करू नये.

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी नक्की म्हणत असणार की याला सोडा आणि त्याच पैशात दुसरा चांगला गार्ड आणा. बहुतेक वेळा तसं होतच नाही. टीम आधीच सॅलरी कॅपच्या (पगारांवरच्या मर्यादेच्या) वर असेल तर स्वतःच्या जुन्या खेळाडूला बर्ड राइट्स वापरून कॅप ओलांडून ठेवता येतं, पण तो गेला की ती सवलत त्याच्याबरोबर गेली. त्याचे समजा १८ मिलियन डॉलर वाचले म्हणून बाहेरच्या कोणाला १८ मिलियन देता येत नाहीत, फार तर मिड-लेव्हल (कॅपच्या वर असतानाही देता येणारी मधली रक्कम) किंवा मिनिममवर (किमान पगारावर) कोणी मिळाला तर मिळाला. (लक्झरी टॅक्स, म्हणजे पगार फार वाढले की भरायचा कर, वाचतो हे खरं, पण तो मालकाचा फायदा, टीमला त्याने पास देता येत नाही.) उलट तो एका वर्षाच्या मिनिमम कॉन्ट्रॅक्टवर राजी झाला तर फारच स्वस्त पडतो, कारण अशा वेळी टीमच्या हिशोबात दोन वर्षं खेळलेल्या खेळाडूएवढाच आकडा धरतात आणि वरचा फरक लीग भरते. म्हणजे प्रश्न नुसता पैशाचा नाही, वर्षांचा आहे. एक वर्ष ठीक, तीन वर्षं दिली की फसलात.

आता डिफेन्स, जे तुम्हाला सगळ्यात जास्त खुपतंय. एक काम करा, गेल्या प्लेऑफमधल्या एखाद्या अटीतटीच्या मॅचची शेवटची पाच मिनिटं परत लावा आणि बॉलकडे बघूच नका, तुमचा म्हातारा ज्याला गार्ड करतोय त्या माणसाकडे बघा. तो कोपऱ्यातून चालत चालत वर आला आणि त्यांच्या स्टारसाठी स्क्रीन लावायला (डिफेंडरची वाट अंगाने अडवायला) उभा राहिला की समजायचं, शिकार सुरू झाली. त्यांना फक्त स्विच पाहिजे असतो, म्हणजे दोन डिफेंडरनी आपापली माणसं बदलायची आणि तुमचा म्हातारा स्टारसमोर यायचा. आता तुमच्यावाला काय करतो ते बघा. क्षणभर पुढे येऊन स्टारला थांबवतो आणि परत आपल्या माणसाकडे पळतो का? ते पळणं वेळेत होतंय का? मागचा बिग मॅन (बास्केटजवळचा उंच खेळाडू) मदतीला आल्यावर कोपरा उघडा पडतो का? असे आठ-दहा पझेशन (बॉल समोरच्यांकडे असतानाचे एकेक हल्ले) बघितले की पूर्ण सीझनच्या सरासरीतून कळत नाही ते कळतं. दोन-तीनदा मार खाल्ला तर चालवून घ्या. प्रत्येक वेळी खाल्ला तर शेवटची पाच मिनिटं त्याची राहिली नाहीत, मग नाव कितीही मोठं असू दे. पण म्हणून दुसऱ्या क्वार्टरची सात मिनिटंही त्याची नाहीत असं होत नाही, तेव्हा समोरही बेंचच खेळत असतो आणि तुमच्या बेंचला तेव्हाच बॉल सांभाळणारा माणूस लागतो.

वयाचं म्हणाल तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका, दोन्हीकडचे दाखले आहेत. २००४ मध्ये डॅलसने ३० वर्षांच्या पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅशला, पाठ दुखते आणि वय होतंय म्हणून, मोठं कॉन्ट्रॅक्ट द्यायला नाही म्हटलं. तो फीनिक्सला गेला, आधीच्या सीझनला २९ मॅच जिंकलेली टीम पुढच्या सीझनला ६२ जिंकली आणि नॅश लागोपाठ दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. तोच नॅश २०१२ मध्ये ३८ व्या वर्षी लेकर्सनी दोन फर्स्ट राउंड पिक (नवे खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीतले हक्क) देऊन आणला, दुसऱ्याच मॅचमध्ये पाय फ्रॅक्चर, आणि लेकर्सकडून एकूण ६५ रेग्युलर सीझन मॅच खेळून सगळं संपलं. माणूस एकच, फरक आठ वर्षांचा आणि टीमने त्याच्यावर किती ओझं टाकलं त्याचा.

उलट दुसऱ्या एका पॉइंट गार्डचं, जेसन किडचं बघा. २०११ ला डॅलस चॅम्पियन झाली तेव्हा तो ३८ चा होता. तरुणपणी त्याच्या शूटिंगला लोक नावं ठेवायचे, पण पाय मंदावले तसा तो कोपऱ्यात, विंगवर (बाजूला) उभा राहून थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारायला शिकला, आणि २०१३ मध्ये रिटायर झाला तेव्हा थ्रीच्या ऑल-टाइम यादीत तिसरा होता. शिवाय सहा फूट चार इंच उंची, त्यामुळे स्विच झाला तरी अगदीच उघडा पडायचा नाही. म्हणून तुमच्यावाल्याबद्दल मला दोनच गोष्टी कळायला पाहिजेत, बॉल हातात नसताना तो कामाचा आहे का आणि उंची किती. सहा फुटांचा आणि बॉलशिवाय नुसता उभा राहणारा असेल तर माझं उत्तर लगेच बदलेल.

आणि ते समोर बसवून सांगायचं म्हटलं, ते मी अगदी मनापासून म्हणतोय. स्पर्स टीमच्या पॉइंट गार्डचं, टोनी पार्करचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. चार चॅम्पियनशिप जिंकलेला माणूस, २०१७ च्या प्लेऑफमध्ये मांडीचा टेंडन तुटला, परत आला, आणि जानेवारी २०१८ मध्ये स्पर्सनी स्टार्टरची (सुरुवातीच्या पाचातली) जागा तरुण गार्ड डेजॉन्टे मरेला दिली. कोच पॉपोविचने आधी त्याच्याशी बोलून घेतलं होतं, पार्करने ते मान्य केलं आणि पोराला मदत करत राहिला. त्या उन्हाळ्यात तो शार्लटला गेला, पण कडवटपणा राहिला नाही, पुढे त्याची जर्सी स्पर्सनीच वर टांगली. जे खेळाडूला पेपरमधून कळतं त्याने लॉकर रूम फाटते, जे कोचच्या तोंडून कळतं ते माणूस पचवतो.

प्रश्न : त्याच पत्राला जोडून दुसऱ्या एका वाचकाचा : म्हातारा राहिला तर तरुण पोराची मिनिटं जातात ना? ‘शिकवेल, शिकवेल’ म्हणतात, नक्की शिकवतात काय?

उत्तर : मिनिटं जातात, जर दोघं एकत्र खेळूच शकत नाहीत असं कोचने आधीच ठरवलं असेल तर. २०१९ मध्ये पॉइंट गार्ड क्रिस पॉल रसेल वेस्टब्रुकच्या ट्रेडमधून (खेळाडूंच्या अदलाबदलीतून) ओक्लाहोमा सिटीला आला, ३४ वर्षांचा, डोळे फिरतील असं कॉन्ट्रॅक्ट, सगळ्यांनी ती टीम मोडीत काढली होती. कोचने काय केलं, त्याला, शे गिल्जस-अलेक्झांडरला आणि डेनिस श्रोडरला असे तीन गार्ड एकदम उतरवले. मोडीत काढलेली टीम ४४ विजय, २८ पराभव करून प्लेऑफला गेली. २१ वर्षांच्या शेला पहिल्या दिवसापासून बॉल वर आणायचा सगळा भार घ्यावा लागला नाही, तो बाजूने कट मारायला, थकलेल्या डिफेन्सवर जायला मोकळा राहिला. २०२५ मध्ये तो एमव्हीपी झाला आणि चॅम्पियनही. सगळं श्रेय पॉलला देणं चूक आहे, पण त्याने पोराची वाट अडवली असंही कोणी म्हणू शकत नाही.

शिकवतात काय, तर एकच गोष्ट सांगतो. पॉलचा पिक अँड रोल (साथीदाराची स्क्रीन घेऊन केलेली चाल) स्लो करून बघा. स्क्रीन घेतली की तो पळत सुटत नाही, थांबतो. मागून येणाऱ्या डिफेंडरला पाठीवर घेतो, अगदी चिकटवून, दोन संथ ड्रिबल, आणि फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यापाशी येईपर्यंत समोरच्या बिग मॅनला ठरवताच येत नाही की पुढे यायचं की मागे राहायचं. पुढे आला की वरून लॉब (उंच पास), मागे राहिला की जंप शॉट. हे सगळं सहा फुटांच्या माणसाचं, वेग कमी झाल्यावरही चालणारं. तरुण गार्डला वेग असतोच, थांबायचं कधी ते त्याला कळत नाही, आणि ते व्हिडिओपेक्षा रोज प्रॅक्टिसला असा माणूस समोर गार्ड करायला मिळाला की लवकर कळतं. मी क्लबकडून खेळायचो तेव्हा आमचा जुना गार्ड समोरच्याचे फ्री थ्रो चालू असताना जर्सीला धरून जवळ ओढायचा आणि कानात सांगायचा, आता हे डावीकडून स्क्रीन आणतील, तू आधीच खाली जा. दहातल्या सात वेळा तसंच व्हायचं. मला ते वाचायला पुढे तीन वर्षं लागली.

पण हेही लिहायला पाहिजे की मोठा आवाज प्रत्येक खोलीत चालत नाही. २०२४-२५ मध्ये हाच पॉल ३९ व्या वर्षी स्पर्सकडून सगळ्या ८२ मॅच स्टार्ट झाला, टीम तरुण, ऐकून घेणारी, २२ विजयांवरून ३४ वर गेली आणि त्याच्या शेजारी खेळणारा स्टीफन कासल रुकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. पुढच्याच सीझनला तो क्लिपर्सकडे परतला, तिथे सगळे अनुभवी, आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच टीमने त्याला घरी पाठवलं. त्याच्या सवयी दोन महिन्यात बदलल्या नव्हत्या, खोली बदलली होती.

म्हणून पहिल्या वाचकाला एवढंच विचारतो, तुमच्या टीममध्ये २५ च्या खालचे किती आहेत? पाच-सहा असतील तर माझा कौल कायम, ठेवा. सगळे ३० च्या पुढचे असतील तर त्याने सांगायचं कोणाला? मग ती जागा एखाद्या पळणाऱ्या, डिफेन्स करणाऱ्या पोराला द्या आणि म्हाताऱ्याला अशा टीमकडे जाऊ द्या जिथे कोणीतरी त्याचं ऐकेल.