फर्निचरच्या उरलेल्या प्लाय आणि सागवानातून स्वयंपाकघरासाठी सोपं काय करता येईल?

तुमच्याकडे १८ आणि १२ मिमी प्लायचे लांबट तुकडे आहेत, गावच्या जुन्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या आहेत, हातकरवत आणि ड्रिल आहे. सुतारकाम येत नाही, आणि बरण्यांनी ओटा भरलाय. एवढं तुम्ही लिहिलंय, त्यावरून सांगतो.

कपाट करायला जाऊ नका. दार आलं की बिजागरी आली, बिजागरी आली की काटकोन सूतभरही हलून चालत नाही. शिवाय बंद कपाट म्हणजे झुरळांना हक्काचं घर. तुम्ही एका डब्याएवढ्याच खोलीची उघडी मांडणी करा. आजीच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर स्टीलच्या भांड्यांची मांडणी असायची, तीच कल्पना, फक्त बुटकी आणि ओट्यावर ठेवायची. सामान एका रांगेत राहिलं की मागचं काही दिसेनासं होत नाही आणि दोन वर्षांपूर्वीचं साबुदाण्याचं पाकीट अचानक हाती लागत नाही. महत्त्वाचं म्हणजे फर्निचरमधून उरतात त्या बहुतेक चार ते सहा इंच रुंदीच्या पट्ट्याच. त्या जोडून रुंद फळी करण्यापेक्षा आहे त्या रुंदीत बसेल असं काहीतरी करावं.

आधी लाकूड निवडून घ्या, कारण उरलेलं सगळंच स्वयंपाकघरात चालत नाही.

प्लाय कोणत्या ग्रेडचा आहे ते तुकड्यावर बहुधा दिसत नाही, छाप पूर्ण शीटवर एखाद्याच जागी असतो. बेडरूमच्या कपाटांना बऱ्याचदा साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडचा प्लाय वापरतात. तो दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. किचनला आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे मरीन प्लाय चांगला. कडेला थरांमधल्या गोंदाच्या रेषा काळपट-तांबूस दिसल्या तर तो वरच्या ग्रेडचा असण्याची शक्यता जास्त, पण रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नका. तळहाताएवढा तुकडा जुन्या पातेल्यात तास-दोन तास उकळा. साध्या प्लायचे थर सुटायला लागतात. मरीनला प्रयोगशाळेतल्या कसोटीत ७२ तास उकळतात, त्यामुळे आपल्या दोन तासांनी त्याला काही होत नाही. थर सुटले तरी तो प्लाय फेकू नका. तो कपाटाच्या आतल्या कोरड्या जागी वापरा, सिंकपासून लांब. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचे (लाकडाचा भुसा-चुरा गोंदाने दाबून केलेले बोर्ड) तुकडे मात्र स्वयंपाकघरात आणूच नका. एकदा पाणी प्यायले की फुगतात आणि परत बसत नाहीत, आणि पार्टिकल बोर्डाच्या कडेत स्क्रू धरत नाही.

आता पलंगाच्या पट्ट्या. जुनं सागवान म्हणजे सोनं, हे खरं. तरी पलंग होता, म्हणजे त्याच्या सांध्यांत वर्षानुवर्षं ढेकणांचं औषध ओतलेलं असणार. म्हणून या पट्ट्या फळ्यांच्या पुढच्या कडेला वापरा. त्यांचा पोळपाट किंवा भाजी चिरायची फळी करू नका. दुसरं, त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. घरात लहान मूल असेल तर रंगवलेलं जुनं लाकूड सरळ बाजूला ठेवा. नुसतं पॉलिश असेल तर मास्क लावून गच्चीवर घासा. पट्टीच्या कडेला फिकट पांढरट भाग दिसला आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं, खाली पिठासारखी भुकटी असेल तर तेवढा भाग कापून टाका. भुंगा त्याच भागाला लागतो, आतल्या गाभ्याला सहसा जात नाही. करवत लावण्याआधी फ्रिजवरचं लोहचुंबक पट्टीवरून फिरवा. आत मोडलेला खिळा असला तर करवतीचे दात वाचतात.

मोठं काम करण्याआधी पायरी करून बघा, अर्ध्या दिवसात होते. ओट्याच्या वरच्या कपाटाची आतली खोली साधारण ११ इंच असते आणि त्यात बरण्यांच्या दोन रांगा बसतात. मागच्या रांगेखाली चार इंच उंचीचा बाक ठेवला की मागच्या बरण्या दिसायला लागतात. १२ मिमीची पाच इंच रुंद फळी, तिला खालून दोन्ही टोकांना उभे तुकडे, झालं. कपाटभर लांब पायरी करू नका, दोन आखूड करा. कपाटाच्या दारातून आत जायला सोप्या, आणि पुसताना सगळ्या बरण्या एकदम उतरवाव्या लागत नाहीत. या कामात ड्रिल सरळ कसं धरायचं आणि स्क्रू कुठे लाकूड फोडतो हे हाताला कळतं.

मग मांडणी. मोजमाप लाकडापासून सुरू करू नका, डब्यांपासून करा. तुमच्या सगळ्यात जाड बरणीचा व्यास आणि वर अर्धा इंच, ही फळीची रुंदी. सगळ्यात उंच बरणीची उंची आणि वर एक इंच, हा खालचा कप्पा. तो एक इंच बरणी तिरकी करून बाहेर काढायला लागतो. उदाहरणार्थ, पाच इंच रुंदीच्या १८ मिमी पट्ट्यांतून २० इंच उंचीचे दोन उभे तुकडे आणि ३० इंची तीन फळ्या निघतात. मिळून साधारण ११ फूट पट्टी लागते. खालचा कप्पा नऊ इंचांचा, वरचा सात इंचांचा, सगळ्यात वरची फळी उघडी, मिसळणाच्या डब्यासाठी आणि छोट्या बाटल्यांसाठी. ओटा आणि वरच्या कपाटात बहुतेक फ्लॅटमध्ये दोन फुटांच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे २० इंच खाली सुखाने बसतं. तरी स्वतःचं मोजून घ्याच.

फळी ३० इंचांपेक्षा लांब करायचा मोह होईल. दोन लिटरच्या सहा बरण्या डाळींनी भरल्या की एका फळीवर १०-१५ किलो वजन होतं. तेवढ्याच वजनाखाली फळीची लांबी निम्मी केली तर वाक आठपट कमी होतो, आणि १२ मिमीऐवजी १८ मिमी घेतली तर तिपटीहून जास्त कमी होतो. म्हणून फळ्यांना १८ मिमीच घ्या. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. प्लायच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने जायला हवेत. उरलेले तुकडे कधी आडवे कापलेले असतात, ते दिसायला तसेच दिसतात पण लवकर झोल धरतात. असे तुकडे उभ्यांना वापरा.

जोडणी अशी. दोन्ही उभे एकमेकांना चिकटवून धरा आणि फळ्यांच्या रेघा दोन्हींवर एकाच वेळी मारा. वेगवेगळं मोजलं की एक सूत कुठेतरी हरवतो आणि मांडणी डुगडुगते. सर्वांत खालची फळी ओट्यापासून दीड इंच वर घ्या, म्हणजे खालून फडकं फिरतं. प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू, दोन इंची आठ नंबरचे, एकूण बारा. आधी उभ्यातून आरपार आणि फळीच्या कडेत ३ मिमीच्या बिटाने भोक पाडा, मग फेव्हिकॉल, मग स्क्रू. भोक न पाडता स्क्रू घुसवला तर प्लायचे थर उकलतात, आणि मग गोंद ओतूनही सांधा पहिल्यासारखा होत नाही. पाणी लागणाऱ्या जागी मरीन फेव्हिकॉल घ्या.

पाठ पूर्ण बंद करायची गरज नाही, पण पाठच नसेल तर मांडणी बाजूला कलते. वरच्या फळीखाली मागच्या बाजूने तीन इंच रुंदीची आडवी पट्टी, तिची रुंदी उभी राहील अशी ठोका, तेवढ्याने चौकट ताठ होते. बाकी पाठ उघडी राहू दे. प्लाय आणि टाइल्समध्ये पाव इंचाची सांद राहिली की तिथे झुरळं जमतात, त्यामुळे बंद पाठ भिंतीला टेकवण्यापेक्षा उघडी बरी.

सागवान इथे कामाला येतं. प्लायची कापलेली कड थरांसकट दिसते आणि ओलही तिथूनच शिरते. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला इंचभर रुंद सागवानी पट्टी लावा, फळीच्या वर थोडी उचलून, म्हणजे बरणी घसरून पुढे येत नाही. फळीही त्याने ताठ होते. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवायची बाजू गोंद लावायच्या आधी लगेच घासा, काल घासलेली चालणार नाही. गोंद वाळेपर्यंत दोन बारीक चुका (छोटे खिळे) मारल्या की पट्टी सरकत नाही.

घासायला आधी ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरचा पेपर. फर्निचरचे सनमायकाचे तुकडे उरले असतील तर फळ्यांवर तेच लावा. फोडणीची वाफ आणि तेलकट थर ओल्या फडक्याने निघतो, याहून सोयीचं काही नाही. नसतील तर प्रायमर आणि इनॅमल. सागवानाला जवसाचं तेल छान लागतं, तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये नीट वाळू देऊन. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि कालांतराने खवट वास मारतं. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा. उभ्यांची खालची टोकं सगळ्यात जास्त पाणी ओढतात. त्यांना रंगाचे दोन जास्तीचे हात द्या आणि खाली रबरी बूट ठोका.

मांडणी गॅसच्या शेजारी चिकटवून ठेवू नका आणि शेगडीच्या वर तर लाकूड नकोच. भिंतीला टांगायचा विचार असेल तर तो पुढच्या वेळी. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती) वजन धरत नाही, आणि टाइल्समागे नळाची पाइप आणि वायर कुठून गेलीय ते आपल्याला दिसत नाही.

एवढं करून अर्धा-पाऊण इंच जाडीच्या बारीक पट्ट्या उरतील. त्यांचं कांद्याचं खोकं होतं. चारही बाजूंनी बोटभर फट ठेवून पट्ट्या ठोका, तळाला पण फटी, खाली दोन इंचांचे पाय. बटाट्याचं खोकं वेगळं करा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, उजेडात बटाटे हिरवे पडतात. दोन्ही खोक्यांना रंग-पॉलिश काही नको. मात्र या खोक्यांसाठी पलंगाच्या पट्ट्या घेऊ नका.

सुताराला बोलवावं का, असंही तुम्ही विचारलंय. जोडायला नको. हातकरवतीने पाच इंची पट्टी आडवी कापणं जमतं, पण तीस इंच लांब सरळ चिरणं नवशिक्याला जड जातं. तुकडे उचलून जवळच्या प्लायच्या दुकानात किंवा लाकडाच्या वखारीत न्या. पुण्यात असाल तर भवानी पेठेत टिंबर मार्केट आहेच. यादी कागदावर लिहून न्या, आधी लांब तुकडे मग आखूड असा क्रम ठेवा, आणि करवतीच्या पात्याची जाडी, साधारण ३ मिमी, प्रत्येक कापाला वजा करायला त्यांना सांगा.